दीड इंचाचं दार

इथे अमेरिकेत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर बागेच्या सामानाशेजारी पक्ष्यांची घरं विकायला मांडलेली दिसतात. बरीचशी शोभेचीच असतात. लाल छप्पर, रंगवलेली खोटी खिडकी, चिमुकलं धुराडं. त्यांच्यातच एक पेटी अगदी साधी असते. रंग नाही, नक्षी नाही. सीडरच्या फळ्यांचा उभा खोका, पुढे आलेलं उतरतं छप्पर, आणि समोर एक गोल भोक. त्या भोकाचा व्यास बरोब्बर दीड इंच. पावणेदोन नाही, दोन नाही, दीडच. हा दीड इंच कुठून आला याच्या मागे लागलं की एक लांबलचक इतिहास हाती लागतो, आणि गंमत म्हणजे त्या इतिहासातली खलनायिका निघते आपली चिऊताई!

आमच्या पिढीतल्या मराठी माणसाला पक्ष्यासाठी घर विकत आणायचं ही कल्पनाच जरा विनोदी वाटते. चिमणी आपल्याला विचारत थोडीच होती? तसबिरीच्या मागे, वाशांच्या सांदीत, विजेच्या मीटरच्या पेटीवर तिचा संसार सुरू व्हायचा. खाली काड्या पडायच्या, आई कुरकुर करायची, पण घरट्याला हात लावायची नाही. खाऊ घालणंही तसंच. सुपातल्या कण्या अंगणात पडायच्या, पितृपक्षात कावळ्याचं पान असायचं. पक्ष्याला आपल्याकडे ‘आकर्षित’ करायचं म्हणून कुणी काही करत नव्हतं. ते आपल्या घराचे न सांगता झालेले भाडेकरू होते. इकडच्या देशात मात्र माणसाने पक्ष्यांसाठी मुद्दाम घरं बांधली, आणि ती बांधता बांधता बरंच काही घडलं आणि बिघडलं.

सुरुवात होते भोपळ्यापासून. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो ना, त्याच जातीचा कडक सालीचा भोपळा. अमेरिकेच्या आग्नेय भागातले चोक्टॉ आणि चिकसॉ लोक तो वाळवून, आतून पोखरून, बाजूला एक भोक पाडून झोपडीजवळ टांगत असत. अलेक्झांडर विल्सन नावाचा स्कॉटलंडहून आलेला एक विणकर होता. इथे आल्यावर त्याला पक्ष्यांचं वेड लागलं आणि त्याने अमेरिकेतल्या पक्ष्यांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे खंड १८०८ ते १८१४ या काळात निघाले. त्यात त्याने या भोपळ्यांचं वर्णन केलं आहे. झोपडीजवळचं एखादं कोवळं झाड निवडायचं, त्याच्या फांद्या हात-दीड हात ठेवून छाटायच्या, आणि प्रत्येक खुंटाला एकेक भोपळा टांगायचा. मिसिसिपीच्या काठावर मळ्यांत राबणारे आफ्रिकी गुलामही उंच वेताच्या टोकावर असेच भोपळे लावत, असं तो पुढे लिहितो. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर मालकाच्या मर्जीचं होतं, त्यांनी पाखराला घर द्यावं, हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो होतो.

हे घर ज्याच्यासाठी होतं तो पक्षी म्हणजे पर्पल मार्टिन. आपल्या भिंगरीच्याच कुळातला, पण अंगाने चांगला थोराड. नर काळसर जांभळा, उन्हात चकाकणारा. उडता उडता हवेतच किडे टिपणारा. मूळचा हा राहायचा सुतार पक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोल्यांत. मग माणसाने त्याला घर का द्यावं? तर तो घराजवळ असला की ससाण्या-कावळ्यांवर तुटून पडतो आणि कोंबडीची पिल्लं वाचतात. मार्क केट्सबी या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने अठराव्या शतकातच तशी नोंद करून ठेवली आहे. पुढे गोऱ्या शेतकऱ्यांनीही ही पद्धत उचलली. भोपळ्याच्या जागी लाकडी माड्या आल्या, एकात एक खोल्या असलेल्या, अगदी चाळीसारख्या. पक्ष्यांची चित्रं काढून अजरामर झालेला ऑड्युबॉन तर असं म्हणायचा की खेड्यातल्या बहुतेक खानावळींच्या पाटीवर मार्टिनचं घर असतं, आणि ते घर जितकं नीटस तितकी ती खानावळ चांगली. मुक्कामाची जागा पारखण्याची ही रीत मला फार आवडली. जो पाखराची सोय नीट पाहतो तो पाहुण्याचीही पाहील, सरळ हिशेब!

पण या पाहुणचाराचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. पिढ्यान् पिढ्या आयतं घर मिळत गेलं, आणि दुसरीकडे जुनी जंगलं तुटून ढोल्यांची वाळकी झाडं कमी होत गेली. आज रॉकी पर्वताच्या पूर्वेला हा पक्षी जवळजवळ पूर्णपणे माणसाने लावलेल्या घरांतच अंडी घालतो. पश्चिमेकडचे त्याचे भाऊबंद अजून ढोल्यांत राहतात, ॲरिझोनाच्या वाळवंटात निवडुंगाच्या खोडात राहतात. पूर्वेकडचे मात्र ती वाट जवळजवळ विसरले. हिवाळ्यात हे पक्षी दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलकडे जातात. कॅनडातल्या संशोधकांनी त्यांच्या पाठीवर इवलीशी यंत्रं बांधून पाहिलं. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून पेनसिल्व्हेनियापर्यंतचं सुमारे साडेसात हजार किलोमीटरचं अंतर तेरा दिवसांत कापून आली. एवढं उडून यायचं ते कुठे? तर कुणाच्या तरी परसातल्या खांबावर टांगलेल्या भोपळ्यात! त्या माणसाने त्या वर्षी भोपळा टांगलाच नाही तर? इथे मार्टिन पाळणारे... चुकलो, पाळणारे नव्हेत, त्यांना जागा देणारे लोक स्वतःला ‘लँडलॉर्ड’ म्हणवतात. त्यांच्यातले पुष्कळजण आता म्हातारे आहेत, आणि आपल्यानंतर हे खांब कोण सांभाळणार ही त्यांची खरीखुरी चिंता आहे.

हे झालं एक टोक. घर दिलं आणि पाखरू त्यावर विसंबलं. आता दुसरं टोक.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्क, ब्रुकलिन ही शहरं एका किड्याने हैराण झाली होती. रस्त्याकडेच्या लिंडनच्या झाडांवर एका पतंगाच्या अळ्या इतक्या माजायच्या की झाडं बोडकी व्हायची आणि खालून जाणाऱ्यांच्या टोप्यांवर, खांद्यांवर त्या धाग्याने लोंबकळत उतरायच्या. यावर उपाय म्हणून ब्रुकलिनच्या एका संस्थेने इंग्लंडहून चिमण्या मागवल्या. १८५१ साली आठ जोड्या सोडल्या, त्या काही टिकल्या नाहीत. पण हार कोण मानतो? १८५२ साली पुन्हा मागवल्या. त्यातल्या काही १८५३ मध्ये ग्रीनवुड नावाच्या स्मशानभूमीत सोडल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूसही नेमला. या खेपेला चिमणी रुजली. मग इतर गावांनाही हाव सुटली. फिलाडेल्फियाने १८६९ साली एकदम हजार चिमण्या आणवल्या. १८७० च्या दशकापर्यंत सॅन फ्रान्सिस्को, सॉल्ट लेक सिटी अशी दूरची गावंही चिमणीच्या नकाशावर आली.

आणि कौतुक तरी किती! बागांमधून चिमण्यांसाठी घरं लावली गेली. थंडीत दाणे टाकले गेले. विल्यम कलन ब्रायंट या त्या वेळच्या नामवंत कवी-संपादकाने चिमणीच्या स्वागताची कविता लिहिली. बॉस्टनच्या मैदानात चिमण्या मारणारे खाटीक पक्षी यायचे, तर चिमण्यांच्या रक्षणासाठी त्या खाटकांना गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या चिऊताईचं जावयासारखं कोडकौतुक झालं असेल तर ते त्या वीस-पंचवीस वर्षांत.

मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की ही बाई अळ्यांपेक्षा दाण्यांवर जास्त खूश आहे. त्या काळी शहरभर घोडागाड्या होत्या. घोड्यांच्या तोबऱ्यांतून सांडलेले आणि लिदीतून पडलेले ओट हे चिमणीचं वर्षभराचं रेशन झालं. वर्षाला दोन-तीन वेळा पिल्लं काढायची आणि मिळेल त्या भोकात घुसायचं. मार्टिनच्या चाळीत घुसायचं, ब्लूबर्डच्या ढोलीत घुसायचं. आत मूळ मालक सापडला तर चोचीने टोचून टोचून त्याला मारायचं आणि बऱ्याचदा त्याच्या कलेवरावरच आपल्या काड्या रचायच्या. हे ऐकीव नाही बरं का. आजही इथले लोक पेटी उघडतात तेव्हा त्यांना हे दिसतं. काऊ-चिऊच्या गोष्टीत पावसात भिजलेल्या कावळ्याला दार न उघडणारी चिऊताई आपल्याला जरा आपमतलबी वाटते एवढंच. इथे तर ती दार फोडून आत शिरली होती.

१८७० च्या दशकात यावरून पक्षितज्ज्ञांमध्ये जाहीर भांडण जुंपलं. बॉस्टनचे टॉमस ब्रूअर चिमणीच्या बाजूने, तर एलियट कूज तिच्या विरोधात. दोघेही नामवंत. इथल्या इतिहासात त्याला चक्क ‘चिमणी-युद्ध’ म्हणतात. १८८० साली ब्रूअर वारले आणि निकालही विरोधात गेला. १८८९ साली सरकारच्या शेती खात्याने वॉल्टर बॅरोज यांनी तयार केलेला चारशेहून अधिक पानांचा अहवाल छापला, फक्त या एका पक्ष्याविरुद्ध! मिशिगन, इलिनॉय अशा राज्यांनी चिमणीच्या डोक्यामागे बक्षीस लावलं. उपयोग शून्य. चिमणी एव्हाना अर्ध्या खंडावर पसरली होती.

त्या भांडणातली भाषा वाचताना मात्र मी अस्वस्थ झालो. चिमणीला तेव्हा काय काय म्हटलं गेलं? परकी, घाणेरडी, भांडखोर, भरमसाट पोरं काढणारी, इथल्या भल्या रहिवाशांच्या तोंडचा घास पळवणारी. त्याच काळात, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा इथे झाला. आणि त्या मजुरांबद्दल, आयरिश लोकांबद्दल वर्तमानपत्रांतून जे शब्द वापरले जात ते काढून पाहिले तर ते फारसे वेगळे नाहीत. मीही या देशात बाहेरून आलेलाच. शेजारच्या आजोबांनी एकदा कुंपणावरच्या चिमणीकडे बोट दाखवून ‘शी डझन्ट बिलाँग हिअर’ म्हटलं, तेव्हा ते पक्ष्याबद्दलच बोलत होते हे पुरतं माहीत असूनही मी उगाच चहाच्या कपात पाहू लागलो. पण पुढे विचार केल्यावर वाटलं, माणसाला पाखराच्या तागडीत घालणं जितकं चूक तितकंच पाखराला माणसाच्या. चिमणी ना आक्रमक म्हणून आली, ना निर्वासित म्हणून. तिला पिंजऱ्यात घालून बोटीवर चढवली. तिने इथे केलं ते हजारो वर्षं माणसाच्या आसऱ्याने जगताना शिकली तेच. दोष द्यायचाच तर भोकाचं माप न घेता घरं टांगणाऱ्या हातांना द्यावा लागेल.

आणि हे हात थांबले नव्हतेच. १८९० सालच्या मार्चमध्ये युजीन शिफलिन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठ स्टारलिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीस. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला युरोपी पक्षी. शेक्सपिअरच्या नाटकांत आलेले सगळे पक्षी अमेरिकेत आणायचा या गृहस्थाचा विचार होता अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. मोठी चटकदार गोष्ट आहे, पण २०२१ साली दोन अभ्यासकांनी तिचा माग काढला तेव्हा तिला आधार सापडला नाही. ते काही असो, स्टारलिंग पसरले ते मात्र खरं. तेही ढोलीत राहणारे, आणि चिमणीपेक्षा दांडगे.

या दोघांच्या कात्रीत सापडला तो ब्लूबर्ड. पाठीवर गडद निळा, छातीवर विटकरी, स्वभावाने गरीब, आवाज हळुवार. न्यूयॉर्क आणि मिझुरी या दोन राज्यांचा हा राज्यपक्षी. याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्याची सोडलेली ढोली किंवा शेताच्या कुंपणाच्या कुजक्या लाकडी खांबातलं भोक, हेच याचं घर. शेतकऱ्यांनी लाकडी खांब काढून लोखंडी लावले, वाळकी झाडं सरपणाला तोडली, बागांवर विषारी फवारे मारले. त्यात १८९५ सारखे कडाक्याचे हिवाळे आले की दक्षिणेकडे गेलेले ब्लूबर्डही थंडीने मरायचे. आधीही असे हिवाळे येत असणार, पण तेव्हा वाचलेल्यांना परत येऊन राहायला जागा होती. आता जी काही भोकं उरली त्यांत चिमण्या आणि स्टारलिंग आधीच बसलेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ गावांतली नवी पिढी ब्लूबर्ड न पाहताच मोठी झाली.

आता येतो तो दीड इंच. इलिनॉयमधल्या क्विन्सी गावच्या टी. ई. मसलमन यांनी १९३४ साली एक साधी गोष्ट सुरू केली. गावाबाहेरच्या रस्त्यांच्या कडेने, कुंपणाच्या खांबांवर, ठरावीक अंतराने ब्लूबर्डसाठी पेट्या लावत जायचं. एक-दोन नाही, पुढे त्या शेकड्यांनी झाल्या. पेट्यांच्या या रांगेला ‘ब्लूबर्ड ट्रेल’ हे नाव पडलं. अनुभवाने माप ठरत गेलं. दीड इंचाच्या, म्हणजे अडतीस मिलिमीटरच्या भोकातून ब्लूबर्ड आत जातो, स्टारलिंग जाऊ शकत नाही. बस्स, एवढंच! एका पक्ष्याच्या खांद्याच्या रुंदीवर एका जातीचं नशीब ठरलं.

पण चिमणी? ती ब्लूबर्डहून लहान. ब्लूबर्ड जातो तिथून ती सहज जाते. म्हणजे जातीच्या ब्लूबर्डला राखून चिमणीला अडवणारं माप या जगात नाही. इथे सुतारकाम संपतं आणि माणसाचं काम सुरू होतं. पेटी मोकळ्या कुरणात लावायची, घरं-गोठ्यांपासून लांब, कारण चिमणी माणसाला सोडून फार दूर जात नाही. भोकाखाली बसायला दांडी ठेवायची नाही. ब्लूबर्डला तिची गरज नसते, चिमणीला मात्र तिथे बसून भांडता येतं. (दुकानातल्या शोभेच्या घरांना ही दांडी हटकून असते!) पेटीची एक बाजू उघडणारी हवी, तळाला पाणी निघायला भोकं हवीत, वर हवा खेळायला फट हवी, खांबाला साप-रकून चढू नयेत म्हणून पत्र्याचं नळकांडं हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा जाऊन पेटी उघडून पाहायची. चिमणीच्या काड्या दिसल्या तर काढून टाकायच्या. परत आल्या तर परत काढायच्या. १९१८ च्या कायद्याने इथल्या मूळच्या पक्ष्यांच्या घरट्याला हात लावायला बंदी आहे. चिमणी आणि स्टारलिंग यांना मात्र त्या कायद्याचं संरक्षण नाही.

हे सगळं कुणी केलं? सरकारने नाही. निवृत्त मास्तर, शेतकरी, टपालवाले, शाळेतली पोरं. वॉशिंग्टनजवळ राहणारे लॉरेन्स झेलेनी शेती खात्यातून निवृत्त झालेले जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९७६ साली ब्लूबर्डवर पुस्तक लिहिलं, १९७७ च्या जूनमध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये लेख लिहिला, आणि १९७८ साली ब्लूबर्डसाठी एक संस्था उभी राहिली. देशभर लोकांनी तळघरात फळ्या कापायला सुरुवात केली. १९६६ पासून इथे दर वर्षी पक्ष्यांची पद्धतशीर मोजणी होते. तिच्यात तेव्हापासून आजवर पूर्वेकडच्या ब्लूबर्डचा आलेख चढता आहे. एवढ्या मोठ्या देशात एक पक्षी मुख्यतः हौशी माणसांच्या दर आठवड्याच्या चकरांनी सावरला, ही काही लहान गोष्ट नाही.

सगळीच घरं अशा निरपेक्ष भावनेने लागली असं मात्र नाही. इलिनॉयमधल्याच ग्रिग्सव्हिल गावात १९६२ पासून जे. एल. वेड यांनी मार्टिनसाठी अल्युमिनियमच्या चाळी बनवायला सुरुवात केली. एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो, असा तेव्हा प्रचार झाला. कोण घेणार नाही मग? घरं धडाधड खपली. पुढे १९६८ साली हर्बर्ट केल यांनी या दाव्याची छाननी केली, तेव्हा मार्टिनच्या आहारात डास जवळजवळ नाहीतच असं दिसलं. मार्टिन दिवसा उंचावर शिकार करतो, डास संध्याकाळी जमिनीलगत निघतात. दोघांची गाठ पडणार कशी? तरीही त्या खोट्या आशेपायी लागलेल्या घरांत लाखो खरी पिल्लं वाढली. पुण्य-पापाचा हिशेब कसा मांडायचा, तुम्हीच सांगा.

घरांबद्दल इतकं लिहिलं, दाण्यांबद्दल थोडक्यात. परसात दाण्यांची नळकांडी टांगणं हा इथे करोडो लोकांचा छंद आहे. पश्चिमेकडचा हाउस फिंच हा लालसर डोक्याचा पक्षी १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ पिंजऱ्यांतून सोडला गेला आणि पूर्वेकडे पसरला. त्याला या नळकांड्यांनी चांगला हात दिला. १९९४ साली त्याच पक्ष्यांचे डोळे सुजू लागले. कोंबड्यांमध्ये आढळणाऱ्या एका जिवाणूचा हा संसर्ग. नळकांड्याच्या भोकात एकाने डोकं घालायचं, त्याच्या डोळ्याचं पाणी कडेला लागायचं, मग दुसऱ्याने डोकं घालायचं. काही वर्षांतच पूर्वेकडच्या बऱ्याच भागांत हे पक्षी निम्म्यावर आले. म्हणून आता इथे सांगतात की दाण्याची भांडी दोन आठवड्यांतून एकदा तरी घासून धुवा, आणि आजारी पक्षी दिसला तर काही दिवस काढूनच ठेवा. २०२१ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या काही राज्यांनी एका अनोळखी रोगामुळे सगळ्यांनाच दाणे टांगणं थांबवायला सांगितलं होतं. अन्नदान थांबवणं हेही कधी कधी पुण्य असतं, हे आपल्या मनाला पटायला जरा वेळ लागतो.

आता या गोष्टीचं शेवटचं वळण. ज्या चिमणीला हाकलायला इथे दीडशे वर्षं खपली, ती आपल्याकडच्या शहरांतून दिसेनाशी झाली म्हणून आपण हळहळतो आहोत. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू केला. २०१२ साली दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केलं. पुण्या-मुंबईत, नाशकात लोक बाल्कनीत लाकडी पेट्या टांगतात, साधारण तशाच, सव्वा-दीड इंचाच्या भोकाच्या! एकच खोका. एका देशात चिमणी आत आली की लोक चिडतात, दुसऱ्या देशात ती आली म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या पक्ष्यांच्या अहवालानुसार देशभरात मिळून चिमणी टिकून आहे, पण मोठ्या महानगरांत कमी झाली आहे. इथेही घोडागाड्या गेल्या तशी तिची शहरी चैन संपली. २०१९ साली इथल्या शास्त्रज्ञांनी हिशेब केला की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळपास तीन अब्ज पक्षी कमी झाले. त्या यादीत चिमणीही आहे आणि स्टारलिंगही आहे. म्हणजे ज्यांना आपण दांडगे समजत होतो तेही आता मागे हटताहेत.

हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटतं ते असं. पाखराला घर देणं ही भूतदया आहेच, पण ती खिळा ठोकून संपत नाही. भोक पाडताना आपण ठरवत असतो की आत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार. न ठरवता भोक पाडलं तरी ते ठरतंच, फक्त आपल्या नकळत. आणि एकदा कुणी आत राहायला आलं की पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, ते त्याच खांबावर परत येणार आहे, हजारो किलोमीटर उडून. तुम्ही पुण्यात असा नाहीतर पेनसिल्व्हेनियात, पेटी जरूर लावा. आधी आपल्या भागात कोणता पक्षी अडचणीत आहे ते विचारा, त्याच्या मापाचं भोक पाडा, दांडी लावू नका, आणि दर आठवड्याला उघडून पाहण्याइतकी सवड आपल्याला आहे का, हे स्वतःला विचारा. सवड नसेल तर अंगणातलं एखादं वाळकं झाड न तोडता तसंच उभं ठेवा. सुतार पक्षी येईल, त्याच्या मागून दुसरं कुणी येईल. त्या घराचं दार किती इंचाचं हवं ते त्यांचं ते ठरवतील.